सॅक्सनीचा थोरला

माझा मुलगा फकरुद्दीन लहानपणापासून अर्धीच गोष्ट ऐकतो. रत्नागिरीला मी शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून आमच्या घरी झोपताना राक्षसांऐवजी सॅक्सनीचे सरदार यायचे. त्यातला हेनरी पुढे जर्मनांचा राजा झाला. जुन्या राजांसारखं त्यानं राज्य मुलांत वाटलं नाही, सगळं एकट्या ओटोला दिलं आणि घराणं चढलं. एवढं ऐकलं की आमचे चिरंजीव घोरायला लागायचे.

पुढचा भाग हेनरीच्या पहिल्या बायकोचा. त्यानं तिला टाकलं, तिची जमीन मात्र ठेवून घेतली. तिचा मुलगा थांकमार दुसरीच्या ओटोपेक्षा थोरला असून वाऱ्यावर राहिला.

सौदीत जुबैलला येऊन फकरुद्दीननं हेच केलं. झेबाला तलाक दिला आणि तिच्या सोन्यावर उभं राहिलेलं वर्कशॉप स्वतःकडे ठेवलं. तिचा फहाद, फकरुद्दीनचा थोरला, तिथेच वेल्डिंग करत हाडं झिजवत होता. गेल्या जुम्याला वर्कशॉपात सगळ्या कामगारांसोबत जेवायला बसलो, तेव्हा बापानं जाहीर केलं, "आजपासून मालक हम्माद. वाटण्या केल्या की घर बुडतं, अम्मीच सांगायची."

हम्माद दुसऱ्या बायकोचा, कालपर्यंत कॉलेजात. संतापानं मी हातातला घास ताटात टाकला.

कोपऱ्यातला पाइप उचलून फहादनं पहिला घाव भावाच्या गुडघ्यावर घातला, दुसरा जबड्यावर. हम्मादचे दात बिर्याणीत पडले. कामगार धावले. एकानं पान्यानं फहादचं कपाळ फोडलं, फहादनं त्याचं मनगट मोडलं. मग डोळ्यांत उतरलेलं रक्त पुसत तो मागच्या नमाजच्या खोलीत पळाला. जिना चढताना अल्ला आठवतो अशा वयात मी त्याच्यामागे धावले.

आत जाऊन त्यानं पाइप खाली ठेवला. गळ्यातल्या वर्कशॉपच्या किल्ल्या काढून जानमाजच्या चटईवर ठेवल्या आणि तिथेच बसून पोरगा ढसाढसा रडायला लागला.

"दादी, माझा काय चुकला?"

थांकमारही भावाशी लढून असाच चर्चमध्ये शिरला होता. त्यानंही हत्यार आणि गळ्यातली सोन्याची साखळी देवापुढे ठेवली होती, आणि मागच्या खिडकीतून कुणीतरी त्याच्या पाठीत भाला घातला. राजा ओटो नंतर रडला म्हणे. मेलेल्याला त्याचा काय उपयोग?

फहादच्या पाठीमागेही खिडकी होती, उघडी. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "किल्ल्या टाकल्यान त्याने! खलास!"

खिडकीतून एक सळई तरीही आत आली. माझ्या दंडातून आरपार गेली आणि तिचं टोक फहादच्या सदऱ्यापर्यंत पोचून थांबलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी मी ती दुसऱ्या हातानं घट्ट धरली. हम्मादचा कुणी कामगार असणार म्हणून शिवी हासडायला मान वळवली.

खिडकीबाहेर फकरुद्दीन होता. सळईचं दुसरं टोक त्याच्या हातात.

"अम्मी..." त्याची पकड सुटायला लागली.

"सोडू नको," मी म्हटलं. "हुबा रहा तसाच. आज पुढची गोष्ट ऐकूनच जायचा."