घाट उतरताना मी मागे होते

मी कॅरव्हॅन. मला चाकं आहेत, पण कुणी पुढं जुंपलं तरच मी चालते. एक पलंग, गॅसची शेगडी आणि हेस्टरनं शिवलेले पिवळे पडदे, एवढाच माझा संसार. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. तो लागला की औट्सहूर्न गावच्या तापलेल्या अंगणातून मला समुद्रावर न्यायचं, हा या घराचा शिरस्ता.

हेस्टरचा नवरा बारेंड मला त्याच्या दांडग्या बक्कीला जोडायचा. मागं सामानाचा हौदा असलेली ती गाडी पुढं असली की मी निर्धास्त असायचे. मग बारेंड गेला. बक्की हेस्टरच्या हाताला झेपेना, म्हणून ती विकली. मी पेरूच्या झाडाखाली उभी राहिले आणि कोंबड्या माझ्या पायरीवर बसू लागल्या.

"काढून टाक आता ही," तिचा दीर ड्रीस एकदा म्हणाला. "गिऱ्हाईक बघतो मी."

"मला समुद्रावर जायचंय," हेस्टर म्हणाली. "आणि माझी मी जाणार."

विकलं जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मला तिच्या या हट्टाची वाटली.

गाड्या विकणारा तरुण एक जुनी, बुटकी गाडी अंगणात घेऊन आला. "मावशी, इंजिन लहान आहे, पण ओढेल. चढावर जरा दमानं घ्या."

"ओढेल?" ड्रीस हसला. "अरे, शेळीला नांगर जुंपतोस की काय!"

"शेळी तर शेळी. माझं ऐकते ना, बस झालं," हेस्टर म्हणाली आणि तिनं किल्ली हातात घेतली.

सगळे एकच विचारत होते, ओढेल का? उतारावर मी मागून रेटायला लागले तर ती मला आवरेल का, हे कुणालाच सुचलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

निघायच्या दिवशी हेस्टरनं गाडीवर दया दाखवली. लहान जीव आहे म्हणत तिनं सगळं सामान माझ्यात भरलं. त्यात मांस भाजायची लाकडं आली. आमच्याकडची माणसं समुद्राकाठचं लाकूड जाळत नाहीत. त्याचा नुसता धूर होतो, मांसाला चव येत नाही म्हणतात. बाभळीचं लाकूड घरूनच न्यायचं. बारेंड ते बक्कीच्या हौद्यात टाकायचा. हेस्टरनं ती पोती माझ्या अगदी मागच्या टोकाला, पलंगाखाली कोंबली. वर मांसाची बर्फपेटी ठेवली. माझं शेपूट जड झालं आणि नाक उचलल्यासारखं वाटू लागलं.

रॉबिन्सन घाट ती गाडी धापा टाकत चढली. मागून सोबतीला निघालेला ड्रीस आपल्या मोठ्या गाडीतून हॉर्न वाजवत येत होता. माथा आला, आणि मग उतार.

पहिल्याच वळणानंतर माझं शेपूट हललं. डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे, आणखी जोरात. माझ्याबरोबर पुढची गाडीही फरफटू लागली. बाजूला दरी होती. मला थांबायचं होतं हो, पण मला थांबता येईना. जिनं मला टाकून दिलं नाही, तिलाच मी ढकलून देणार होते.

हेस्टरनं करकचून ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हळूहळू माझं हलणं थांबलं. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तिनं गाडी उभी केली आणि माझ्या पायरीवर येऊन बसली.

"झालं समाधान?" ड्रीस धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हिला माझ्या गाडीला जोड. तू बस माझ्या शेजारी."

"बरं," हेस्टर म्हणाली. तो शब्द ऐकून मला रडू आलं.

तिनं चाकांना दगड लावले आणि हुक सोडवला. तशी मी शेपटावर बसले आणि माझं नाक आपोआप हवेत गेलं. हेस्टर बघतच राहिली. मग तिनं दार उघडून आत, पलंगाखाली पाहिलं.

"ड्रीस, तुझी गाडी मोठी आहे ना?"

"आहे की!"

"मग लाकडं तू घे."

ड्रीस कुरकुरत पोती वाहू लागला. हेस्टरनं बर्फपेटी ओढून माझ्या चाकांच्या वर आणली. आता माझं नाक खाली टेकलं, आणि तिनं मला पुन्हा आपल्याच गाडीला जोडलं. उरलेला घाट आम्ही खालच्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी उतरलो. मी श्वास रोखून धरला होता.

आता मी हार्टेनबोसला समुद्राजवळ उभी आहे. परतताना तोच घाट आहे, आणि माझी धाकधूक गेलेली नाही. माझ्यासारखीला गाडी शोधत असाल तर एवढं ऐका. ती चढेल का हे विचाराच, पण मला आवरेल का हेही विचारा. आणि माझ्या शेपटात ओझं भरू नका.

काल शेजारच्या तंबूतली बाई कॉफीचा कप घेऊन आली. बारेंडची रिकामी खुर्ची बघून तिनं हळूच विचारलं, "यंदा कुणी आणलं गं तुला?"

हेस्टरनं माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "आणलं कुणी नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघी आलो."