आगाऊबाई सापडेना

मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं, बस. हे लोकांना समजावून मी थकलो. त्यांना पटत नाही, कारण मी घड्याळं दुरुस्त करतो. भिंग लावलं की बारीकातला बारीक स्क्रू मला स्वच्छ दिसतो. पण कडेचं सगळं गेलंय. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलंय. शेजारी उभी असलेली बायको मला दिसत नाही. ती म्हणते, "लग्नापासूनच दिसत नाहीये."

त्या दुपारी ती बहिणीकडे गेली होती आणि मुलीला अचानक कामावर बोलावणं आलं. दीड वर्षाच्या नातीला कडेवर घेऊन ती दारात घुटमळत होती. नातीला आम्ही आगाऊबाई म्हणतो.

"बाबा, जमेल ना? खरं सांगा."

"मला काय धाड भरलीये?" म्हणत मी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. तिचं समाधान झालं. मला नात हवी होती. घरात कुणीतरी अजून माझ्यावर काही सोपवतं, एवढं तरी राहू दे, असं वाटत होतं.

मुलगी गेली. आगाऊबाई जरा वेळ मांडीवर बसली, माझा चष्मा ओढला आणि उतरून चालू पडली. लगेच माझ्या कामाच्या टेबलाजवळ काहीतरी सांडलं. घड्याळाचे सेल. चपटे, चकचकीत, गोळ्यांसारखे. एक जरी गिळला तर पोरीच्या जिवावर बेतणार.

"आगाऊबाई, इकडे ये!"

उजवीकडे खुदकन हसू आलं. मान वळवली तर खुर्चीचा पाय. पुन्हा हसू, आता मागून. तिला वाटलं, आजोबा लपाछपी खेळतायत. मी खोली तुकड्यातुकड्याने बघत होतो. फरशी, टेबलाची कड, पुन्हा फरशी. एक सेल दिसला, त्यावरचा आकडासुद्धा वाचता आला. एवढी धडधडीत पोर मात्र दिसेना. पाऊल टाकावं तर तिच्या बोटांवर पडायचं. मी गुडघ्यांवर बसलो, हात फिरवले. काही लागलं नाही.

मग हसू थांबलं. मूल गप्प झालं की तोंडात काहीतरी असतं, हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी ओरडलो. जन्मात कुणावर ओरडलो नसेन इतक्या जोरात, आणि फरशीवर हात आपटला. मग तिने भोकाड पसरलं, अगदी माझ्या डाव्या कोपराशी. मी झडप घालून तिला धरलं, तोंडात बोट घातलं, मुठी उघडल्या. काही नव्हतं. ती मला ढकलत होती आणि मी सोडत नव्हतो. सोडली असती तर पुन्हा हरवली असती.

मुलगी आली तेव्हा आम्ही तसेच फरशीवर होतो. आगाऊबाई हुंदके देत आईकडे झेपावली.

"का रडली?"

पडली म्हणून सांगता आलं असतं.

"मी रडवली," मी म्हणालो. "त्याशिवाय सापडत नव्हती. आता हिला माझ्याजवळ ठेवू नकोस."

'असं काय बोलता, बाबा,' असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो. ती पोरीला कडेवर घेऊन खाली वाकली आणि सेल वेचू लागली.