दातवालीचे नवे कार्ड

मित्रांनो, मी एक जुनी पर्स आहे. तळहाताहून जराशी मोठी, तपकिरी, कडा उसवलेली. माझ्या चामड्याला अजूनही कधीकधी गवताचे स्वप्न पडते. दूरवर वारा सुटलेला असतो आणि मी कुणाची तरी पाठ असते, उन्हाने तापलेली. जाग आली की मी पुन्हा पर्स.

एका बोळातल्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. शिवताना तो तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा. ते सूर माझ्या टाक्यांत अडकून राहिले असावेत असे मला वाटते. पुढे शहर बस चालवणाऱ्या एका बाईने मला विकत घेतले आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या हातात ठेवले.

"घे. आता कमावती झालीस," ती म्हणाली.

धाकटी कवळ्या बनवायची. गल्लीत सगळे तिला दातवाली म्हणत. तिचे स्वतःचे समोरचे दोन दात जरा पुढे होते, त्यामुळे नवा माणूस हसू दाबत दाबत आत येई. तिचे वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. खिडकीतून ऊन आले की प्लॅस्टरची धूळ हवेत संथ तरंगत राही, आणि फळीवर मांडलेले जबडे कोणाकडेही न बघता हसत. मी खुंटीवरच्या पिशवीतून हे सारे पाहत असे. वितळलेल्या मेणाच्या वासाने मला गुंगी येई.

माझ्या पहिल्या कप्प्यात एक निळे क्रेडिट कार्ड असायचे. त्याच्यावर दातवालीने दात भाजायची भट्टी घेतली. हप्ते नीट चालले होते. मग एका सकाळी ओल्या जिन्यावरून ती घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. जन्मभर दुसऱ्यांच्या दातांसाठी प्लॅस्टर कालवणारी बाई स्वतःच प्लॅस्टरमध्ये जाऊन बसली. काम थांबले, दातांच्या डॉक्टरांनी कवळ्यांचे काम दुसरीकडे दिले, हप्ते थकले. फोन वाजायचा आणि ती तो उशीखाली सारायची. बहिणीला तिने अवाक्षर सांगितले नाही. ताईने विचारलेच तर म्हणायची, "मजेत आहे गं!"

शेवटी बँकेशी तडजोड झाली. जमेल तेवढे तिने भरले, उरलेले बँकेने सोडून दिले. निळ्या कार्डाचे तिने कात्रीने दोन तुकडे केले. हात बरा झाला, कामही हळूहळू परत आले, पण माझा पहिला कप्पा रिकामाच राहिला. तिथे मी नुसता अंधार सांभाळत बसले.

अशी वर्षे गेली आणि एका दुपारी पियानो शिकवणाऱ्या बाई आल्या. चेहरा रुमालाने डोळ्यांपर्यंत झाकलेला. आजारात त्यांचे नाक काढावे लागले होते.

"तुम्ही दात करता, मग नाक नाही करता येणार?" त्यांनी विचारले.

दातवाली गडबडली. "मी कधी केलं नाही हो."

"मला वास नको आहेत. मुलांसमोर रुमाल काढून बसता आलं, तरी पुष्कळ झालं."

दातवालीने चेहऱ्याचा ठसा घेतला. त्या दिवसापासून ती मेणाची नाके करून पाहू लागली. दुपारच्या उन्हात ती मऊ पडत, हलकेच कलंडत, आणि मला वाटे, खोलीत माणसे उमलत आहेत, फक्त त्यांचा बाकीचा चेहरा अजून यायचा आहे.

मेणाचे जमले. पण खरे नाक ज्या रबरासारख्या मऊ पदार्थाचे करायचे, तो परदेशातून मागवावा लागे. ती कंपनी फक्त क्रेडिट कार्डावर माल देई, आणि कार्डही ज्याचे वर्कशॉप त्याच्याच नावाचे हवे. दातवालीने धीर करून नव्या कार्डासाठी अर्ज केला. थोड्याच दिवसांत उत्तर आले : नामंजूर.

ती मला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिचा अंगठा रिकाम्या कप्प्यावरून फिरत होता. तेवढ्यात ताई डबा घेऊन आली, बसच्या गणवेशातच.

"काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही. मजेत..." आणि दातवालीला रडूच फुटले. मग तिने सगळे सांगितले. भट्टी, मनगट, फोन, तडजोड.

ताईने डबा खाली ठेवला. "अगं वेडे, एवढी वर्षं एकटीच कुढत बसलीस? मला का नाही सांगितलंस?"

"तू पर्स देताना म्हणाली होतीस, कमावती झालीस. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"याच तोंडाने! चल, ऊठ. बँकेत जाऊ."

बँकेतल्या चष्मेवाल्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. त्याने नाक पुसत जुनी नोंद पाहिली. "तुमच्या नावापुढे 'तडजोड' लागलंय. म्हणून साधं कार्ड मिळत नाही. पण ठेव ठेवलीत, तर तिच्या आधारावर छोटं कार्ड देता येईल. दर महिन्याचं बिल पूर्ण भरा, वेळेवर भरा. हळूहळू पत सुधारते."

पॉलिशच्या नव्या यंत्रासाठी साठवलेले पैसे दातवालीने ठेवीत टाकले. मग चाचरत म्हणाली, "आणि ते सोडून दिलेले पैसे? तेही थोडे थोडे भरले तर चालतील?"

अधिकारी चमकला. "ते कोणी मागत नाहीये तुमच्याकडे."

"बँकेनं सोडले हो. माझ्याकडून नाही सुटले."

 ताईने माझ्यासकट बहिणीचा हात घट्ट धरला.

कार्ड आले. राखाडी, साधेसे, लहान मर्यादेचे. ते कप्प्यात सरकले तेव्हा झोपेत कुणीतरी अंगावर पांघरूण घालावे तसे मला वाटले. माल आला, नाक झाले. दातवालीने त्वचेचा रंग थर चढवत चढवत असा जुळवला की मेजावर ठेवलेले ते नाक आता श्वास घेईल असे वाटे.

ताईही बघायला आली होती. पियानोच्या बाईंनी ते लावले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. मान इकडेतिकडे वळवून पाहिली.

"जरा डावीकडे वाकडं करा," बाई म्हणाल्या. "माझं मूळचं वाकडंच होतं."

तिघी इतक्या हसल्या की फळीवरचे जबडेही त्यांत सामील झाल्यासारखे वाटले.

महिन्याचे बिल दातवालीने मुदतीच्या आधीच पूर्ण भरले. त्यानंतरचेही. सोडून दिलेले पैसेही तिने थोडे थोडे करून फेडले. पुढे जुन्या नोंदीतला 'तडजोड' हा शब्द गेला, बँकेने ठेव परत दिली आणि साधे कार्ड दिले. आता तिच्याकडे गावोगावचे लोक येतात, कुणाला कान हवा असतो, कुणाला बोट. माझी शिवण मात्र सुटत चालली, म्हणून तिने नवी पर्स घेतली. मी मेणाच्या वड्यांबरोबर खणात असते. इथे ऊबदार आहे. गवताची स्वप्ने आता जास्त वेळ टिकतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा, उसवल्या तर वेळेत टाका घाला. पण त्याहून जपायची ती माणसे. माणूसही आतून उसवतो, आणि ते वरून दिसत नाही. तुमच्यावर तशी वेळ आली तर लपवू नका, आपल्या माणसाला लगेच सांगा. आणि तुमच्याकडे कुणी सांगायला आलेच, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. रागवायचे असेल तर नंतर रागवा.