ट्रॅपमधलं पाणी

"मास्तर, गाडी थांबवा!"

शेखाडीच्या वळणावर मी एसटीत ताडकन उठून उभा राहिलो. कंडक्टरने वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "काका, तिकीट श्रीवर्धनचं हाय तुमचं."

"असू दे. मला परत दिवेआगरला जायचंय."

उतरलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मितेशचा फोन लागत नाही. चार वेळा लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणणाऱ्या त्या बाईला मी शिव्या घातल्या. त्या बिचारीचा काय दोष! दोष माझ्या तोंडाचा होता.

सकाळीच मितेशच्या होमस्टेमध्ये नवा गॅस गीझर बसवून निघालो होतो. हा गीझर वेगळा. जळालेल्या गॅसच्या धुरातली ऊबही तो वाया घालवत नाही, पाण्याला देतो. धूर गार पडला की त्याचं पाणी होतं आणि खालच्या नळीतून टिपकत राहतं. दिसायला नितळ, पण आंबट. लोखंड खाईल असलं. म्हणून मी प्लास्टिकची नळी उताराने मागच्या खड्ड्यात नेली आणि खड्ड्यात चुनखडीची खडी भरली. गीझरखाली नळीच्या तोंडाशी ट्रॅप बसवला. ट्रॅप म्हणजे वाटीएवढं वाकडं भांडं, त्यात कायम पाणी भरलेलं. ते पाणी हेच बूच. ते नसलं तर धूर सरळ खोलीत येतो, आणि या धुराला ना रंग ना वास.

निघताना मितेशची आजी, येसूबाई, मागे मागे आली. "हिरामण, ह्ये पानी खड्ड्यात कशाला? माडांना घातलं तर?"

"न्हाय चालत."

"आनी ही वाटी हातानं सुटते का रं?"

"आजी, हात लावायचा न्हाय म्हंजे न्हाय!" मी खेकसलो आणि एसटीसाठी पळालो. का लावायचा नाही, ते सांगितलं नाही. दोन मिनिटं लागली असती, पण माझा स्वभाव पहिल्यापासून असाच, उकळत्या तेलासारखा.

गाडीत बसलो, वारा लागला आणि मला घाम फुटला. ही बाई तांदूळ धुतलेलं पाणी केळीला घालते, भांड्यांचं अळवाला. न्हाणीचं पाणी पाट काढून वाडीत नेते. वादळात तिची माडा-पोफळींची अख्खी वाडी एका दुपारी आडवी झाली, आणि सत्तरीत तिने रोपं पुन्हा लावली. तिच्या डोळ्यांदेखत नितळ पाणी मी खड्ड्यात सोडत होतो! वाटी हाताने सुटते का, हे तिने उगाच विचारलं नव्हतं. आणि बाराला पाहुणे यायचे होते.

माझा धाकटा भाऊ सदा असल्याच धुराने गेला. बावीस वर्षं झाली. मी साधा गीझर आमच्या न्हाणीतच टांगला होता, धुराचं नळकांडं उद्या बसवू म्हणून. सदा आत गेला. मी बाहेरून ओरडत होतो, "झाली का आंघोळ, नवरदेवा?" थट्टा करत होतो मी. कडी तोडली तेव्हा नळ चालूच होता.

तासभर उन्हात पायपीट केल्यावर ओळखीचा मासळीवाला राहील देवासारखा भेटला. त्याने मला स्कूटरवर पेटीला चिकटवून बसवलं. "चाचा, घट धरा. अल्ला खैर करील."

अंगणात पाहुण्यांची मोटार उभी होती. मी तडक गीझरच्या खोलीत घुसलो. गीझर घरघरत होता. ट्रॅप घासूनपुसून खिडकीत पालथा ठेवलेला, आणि नळीच्या तोंडाखाली तपेली. खोलीची आणि न्हाणीची भिंत एकच, वर जाळी. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि जाऊन न्हाणीच्या दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या.

"बाहेर या! आधी बाहेर या!"

"अहो, माझी बायको आहे आत! मुलगी आहे!" पाहुणे अंगावर धावून आले.

"म्हणूनच सांगतो!"

"काका, येड लागलं काय?" मितेशने माझा दंड धरला.

आतून काहीच आवाज नाही. बावीस वर्षांपूर्वी असाच दाराबाहेर उभा होतो मी.

"आई गं, गार पाणी आलं!" पोरगी किंचाळली. मागोमाग तिच्या आईचा आवाज, "कोण मूर्ख आहे बाहेर?"

एवढं गोड मला आयुष्यात कोणी बोललं नव्हतं.

दोघी टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या, केसांत साबण तसाच. "डोकं जरा जड झालंय," बाई म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याचा पारा उतरला. मोकळ्या वाऱ्यात खुर्चीवर बसल्यावर तिला बरं वाटलं.

वाडीतून येसूबाई दुसरी तपेली रिकामी करून आली. मितेश तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात मी त्याला अडवलं. "तिला काय बोलू नको. मीच सांगितलं न्हवतं." मग मी ट्रॅप हातात धरून तिला सगळं सांगितलं, सावकाश. दोन मिनिटंच लागली.

"मंग सकाळी सांगायला तोंड दुखत व्हतं काय?"

"चुकलं, आजी."

ती पोरीकडे बघत राहिली. खाली बसली. "पोरीला मारलं असतं रं मी."

"तुम्ही न्हाय. मी मारलं असतं."

ते आंबट पाणी घातलेल्या रोपाच्या मुळाशी तिला चुना घालायला सांगितला. ट्रॅप परत बसवला, जाळीवर पत्रा ठोकला. पाणी मात्र तिलाच ओतायला लावलं, पलीकडे खड्ड्यात थेंब पडेपर्यंत. तो थेंब तिने जाऊन वाकून पाहिला. मी गीझर लावला, नळीशी उदबत्ती धरली. उदबत्तीचा धूर हलला नाही, म्हणजे नळीतून काही बाहेर येत नव्हतं.

मायलेकी पुन्हा आत गेल्या, माझ्याकडे संशयाने बघत.

"काका, दोनची गाडी जाईल," मितेश म्हणाला.

"जाऊ दे."

मी अंगणातच बसलो, येसूबाईही शेजारी टेकली. आत पोरगी भोकाड पसरून रडत होती, डोळ्यांत साबण गेला म्हणून. आई दटावत होती, "गप्प बस, ओरडू नकोस."

"ओरडू दे, ताई," मी बाहेरून म्हणालो. "ओरडू दे तिला."