सोमवारचा धूर

मी नोंदवही बोलतेय. शाळेतली नव्हे की दुकानातली नव्हे, आयर्लंडच्या पश्चिम टोकाकडच्या एका वेड्यांच्या इस्पितळाची. दचकलात ना? सगळेच दचकतात. पण मी काही चावत नाही हो. जाडजूड आहे, पाठीला कातडं आहे आणि अंगाला दमट वास येतो, एवढंच.

१९०६ साली पाचशे कोरी पानं घेऊन मी इथे आले, तेव्हा काय तोरा होता माझा! वाटलं, माझ्यात काहीतरी चांगलंचुंगलं लिहितील. लिहिलं काय, तर नाव, वय, कोणी आणून सोडलं आणि वेडाचं कारण. कारणाच्या रकान्यात कुणाचं 'दारू', कुणाचं 'देवाधर्माचं खूळ'. पान दोनशे सोळावर सबीना टार्पी. तिचं कारण, 'दुःख'.

सबीना अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा होडीसकट बुडाला आणि ही रोज किनाऱ्यावर जाऊन त्याला हाका मारायची. यात वेड कसलं आलंय? पण तिचा दीर थॅडी तिला घोडागाडीत घालून घेऊन आला, डॉक्टरांनी सही ठोकली आणि मीही मुकाट्याने पान पुढे केलं. तिचा सहा वर्षांचा कोलमन घरीच राहिला.

घर पाच मैलांवर. पण भावजय वेड्यांच्या इस्पितळात आहे, हे थॅडी सांगतोय कशाला! त्याच्या चार मुली लग्नाच्या होत्या. घराण्यात वेड आहे म्हटल्यावर त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. त्याने सांगून टाकलं, सबीना बोस्टनला गेली. अमेरिकेला जाणारा पुन्हा दिसायचा नाही, म्हणून मेलेल्या माणसासारखा त्याचा शोक करायची आमच्याकडे रीत. थॅडीने तीसुद्धा उरकली. शेजारीपाजारी जमले, गायले, रडले, चहा प्याले. कोलमन दाराशी बसून सगळं ऐकत होता.

इकडे सबीना धुलाईघरात कामाला लागली. सहा महिन्यांत ती चांगली झाली, हे माझ्यातच लिहिलंय. 'प्रकृती उत्तम. घरचे न्यायला तयार नाहीत.' दर वर्षी नव्या शाईने तेच वाक्य, पंधरा वर्षं.

ती मुलाला पत्रं लिहायची. पण इस्पितळाचा शिरस्ता असा, की पत्र आधी डॉक्टर वाचणार आणि घरच्यांना नको असेल, तर ते टपालात न टाकता त्या माणसाच्या पानाला टाचून ठेवणार. तिची अकराच्या अकरा पत्रं माझ्याच पोटात राहिली. १९२३ साली ती न्यूमोनियाने गेली. तीच माझ्यातली शेवटची नोंद.

१९७९ साली एक म्हातारा हातात टोपी घेऊन इस्पितळाच्या कचेरीत आला. तो कोलमन होता. थॅडीची धाकटी मुलगी मरता मरता या इस्पितळाचं काहीतरी बोलून गेली होती.

"साहेब, माझी आई इथे होती का, एवढंच सांगा. सबीना टार्पी."

कारकून तसा भला होता. "काका, शेवटच्या नोंदीनंतर शंभर वर्षं वही उघडायची नाही, असा नियम आहे. माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. दोन हजार तेवीसला या."

"तेव्हा मी एकशे एकवीस वर्षांचा असेन. चालत येऊ, की चौघांच्या खांद्यावरून?"

कारकून हसला. कोलमनही हसला, टोपी घालून निघून गेला आणि घरी कोणालाच काही बोलला नाही. मी दहा पावलांवर कपाटात होते. त्या दिवसाइतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

पुढे इस्पितळ बंद पडलं आणि मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात आले. गेल्या वर्षी तिथे कोलमनची मुलगी डेलिया आली, काठी टेकत. आजीला शोधण्यात तिची तीस वर्षं गेली होती.

"बोस्टनला उतरलेल्या सतरा सबीना शोधल्या मी," ती दप्तर सांभाळणाऱ्या उनाला म्हणाली. "त्यातल्या एकीच्या नातवाला तर आठ वर्षं नाताळचं कार्ड पाठवत होते. तो भलताच निघाला!"

"बोटींच्या याद्या पुष्कळ झाल्या," उना म्हणाली. "आता ही वही बघा. वेड्यांच्या इस्पितळाची आहे, नुकतीच खुली झालीय. यातही एक सबीना टार्पी आहे."

डेलियाचा चेहरा पडला. पण तिने पान उलटलं. टाचणीचा गंज कागदात उतरला होता. उनाने हळूच पत्र सोडवलं, आणि डेलिया ओठ हलवत वाचू लागली.

'कोलमन, बाळा, मी अमेरिकेत नाही रे. घरामागच्या टेकडीवर चढ. लांब एक उंच धुराडं दिसेल. सोमवारी आम्ही चादरी उकळतो, तेव्हा त्यातून खूप धूर येतो. त्या भट्टीपाशी मी असते. धूर दिसला की समज, आई आहे.'

डेलियाने पत्र जपून खाली ठेवलं.

"बाबा त्या धुरावरून हवा सांगायचे ग," ती म्हणाली. "धूर खाली बसलाय, आज गवत कापू नका, असं. आयुष्यभर बघत होते. आणि म्हणायचे, आईने साधं एक पत्र धाडलं नाही."

पत्रं बाहेर न्यायची परवानगी नाही. तीन दिवस बसून तिने अकराही पत्रं पेन्सिलीने उतरवून घेतली आणि ती गेली.

आता मी खोक्यात पडून असते. कोलमन कचेरीत येऊन गेला, याची नोंद मात्र कुठेच नाही. माझ्यातही नाही, मी तर तेव्हा बंद होते. डेलियाला वाटतं, तिचा बाप आईवर रुसूनच गेला. तुम्हाला कुठे भेटली, तर तिला एवढं सांगाल का? तो आला होता. टोपी हातात घेऊन, आईचं नाव विचारत आला होता.