शलगमांच्या खड्ड्यातला आयरिस

मित्रांनो, मी आयरिस या फुलझाडाचा एक जुना कंद आहे. कंद म्हटल्यावर बटाटा डोळ्यांपुढे आणू नका. आम्ही निम्मे मातीत, निम्मे बाहेर, पाठ उन्हाला लावून पडून राहतो. काश्मीरमध्ये आम्हाला कबरींवर लावतात.

मला सोनाउल्लाच्या कबरीवर त्याच्या धाकट्या भावाने लावले. कब्रस्तानाच्या त्या कोपऱ्यात सात नव्या कबरी होत्या, एकीवरही दगड नव्हता. बायका दफनाला जात नाहीत, म्हणून त्याने सोनाउल्लाच्या बायकोला, हाजराला सांगितले, "वहिनी, जांभळं फूल दिसेल ती दादाची." वसंतात मी फुललो. हाजरा दर शुक्रवारी येऊन माझ्याशी बोलायची. इतके कौतुक माझे कधीच झाले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात दीर शाली विकायला खाली मैदानी मुलखात गेला. पहिल्याच बर्फाला हाजराचा धीर सुटला. तिने मला खुरप्याने उपटले आणि घरामागच्या शलगमांच्या खड्ड्यात, पेंढ्याखाली पुरले. तिथे शलगम महिनोन्महिने ताजे राहतात. मी मात्र त्या उबेत आणि ओलीत सडू लागलो. ओरडावेसे वाटे, पण कंदाला तोंड कुठले?

एके दिवशी शलगम काढताना सासूच्या हाताला मी लागलो.

"हे काय गं? केवढी घाण सुटलीय!"

"मोजी, थंडीनं मेला असता तो."

"थंडीनं? माझ्या आईच्या कबरीवरचा चाळीस हिवाळे उघड्यावर आहे! आता माझा लेक कुठला, ते कशावरून ओळखायचं?"

हाजराचा चेहरा पांढराफटक पडला. माझा सडका भाग कापून, जखमेला कांगडीच्या निखाऱ्यांवरची राख चोळून ती मला घेऊन कबरींकडे धावली. कोपरा बर्फाने सपाट झाला होता. ती दोन्ही हातांनी बर्फ उकरू लागली. "कुठं आहात हो तुम्ही? एकदा तरी सांगा!"

बर्फ वितळल्यावर दीर परतला. खचलेले सात ढिगारे पाहून त्याने मान खाली घातली. "वहिनी, मीही फुलावरूनच ओळखायचो."

तरी हाजरा रोज येत राहिली, मी तिच्या मुठीत. एका दुपारी तिसऱ्या ढिगाऱ्यावर नखाएवढे हिरवे टोक दिसले. खुरप्याने तुटून माझाच एक तुकडा मागे राहिला होता, थंडीत, उघडा. हाजराने त्या चिखलावर गाल टेकला आणि हंबरडा फोडला.

तिने मला शेजारी लावले आहे. मी जगेन असे वाटत नाही. सड आत मुरली आहे. म्हणून विनवतो मित्रांनो, ज्याला जपायचे आहे त्याला काय मानवते ते आधी पाहा.

आज सकाळी पुन्हा बर्फ भुरभुरला. आम्हाला झाकायला हाजराने हात पुढे केला, आणि मागे घेतला.