उजवीकडची रिकामी जागा

भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं, असं तिची आई म्हणायची. तरी त्या सुटीच्या दिवशी सकाळी छापखान्याच्या डिझाइनच्या खोलीत, मावशीच्या खुर्चीवर, ती पूर्ण चार मिनिटं शांत बसली. पाचव्या मिनिटाला तिने घात केला.

मावशी या छापखान्यात अठरा वर्षं डिझाइनचं काम करत होती. नमुन्याची प्रत आणायला ती खाली मशीनवर गेली होती आणि जाताना बजावून गेली होती, "बस इथे. श्वास घे, पण कशाला हात लावू नकोस." आता ज्या मुलीने गेल्याच महिन्यात डिझाइनचा कोर्स पहिल्या नंबराने पार केलाय, तिला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं!

आणि स्क्रीनवर पसारा तरी किती! टूल्सची पट्टी, रंगांचे चौकोन, लेयर्सची यादी, सगळी पॅनल्स डाव्या कडेला एकावर एक रचलेली, गर्दीच्या बसमधल्या माणसांसारखी. औषधाच्या खोक्याचं चित्र मध्ये आक्रसून बसलेलं. आणि उजवीकडे? निव्वळ करडं ओसाड रान. चांगली वीतभर जागा फुकट!

'बिचारीला कुणी शिकवलंच नसेल,' भिंगरीला वाटलं. कोर्सच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टूल्स डावीकडे, पॅनल्स उजवीकडे, मध्ये काम. तिने मेनू उघडला, वर्कस्पेस म्हणजे स्क्रीनवरची मांडणी रिसेट केली. टपाटप सगळी पॅनल्स उजवीकडे जाऊन उभी राहिली, प्रार्थनेच्या वेळी वर्ग उभा राहतो तशी. मग चित्रही तिने ताणून मोठं केलं. आता कसं छान!

जिन्यावर पावलं वाजली. मावशी एकटी नव्हती. मागे छापखान्याचे मालक होते, आणि त्यांच्यामागे हातात फाइल धरलेले औषध कंपनीचे साहेब.

"बारा वाजता छपाईची प्लेट करायला टाकायचीय," मालक म्हणाले. "साहेबांसमोरच दुरुस्ती करा, बाई. मागच्या महिन्यासारखं नको."

मागच्या महिन्याचं भिंगरीला ठाऊक होतं. एका खोक्याच्या उजव्या कडेची अख्खी ओळ कापली गेली होती आणि मावशीच्या लक्षातच आलं नव्हतं. मालकांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की अजून एक चूक झाली तर या खुर्चीवर दुसरं माणूस बसेल. मावशी त्या रात्री जेवली नव्हती. कामावाचून ती जगेलही एक वेळ, पण माणूस राहणार नाही, असं आईचं मत होतं.

मावशी खुर्चीत बसली. सवयीने माउस डावीकडे गेला आणि तिथेच घुटमळला. तिथे टूल्सच्या पट्टीशिवाय काहीच नव्हतं. तिची मान आधी थोडी, मग पूर्ण उजवीकडे वळली, दाणा शोधणाऱ्या कोंबडीसारखी. भिंगरीला हसू येणार होतं, ते तिने आवरलं. कारण मावशीचा चेहरा पांढरा पडला होता.

"इशाऱ्याची ओळ मोठी करा, पट्टा लाल करा," साहेब म्हणाले. "एवढंच."

एवढंच. मावशी एरवी हे बोलता बोलता करायची. आता माउस उजव्या कडेपाशी चाचपडत होता. एकदा चुकीचं पॅनल, एकदा चुकीचा रंग.

"पट्टा हिरवा झाला, बाई," मालक म्हणाले.

"हो, हो. दिसलं."

मालकांनी घड्याळ पाहिलं. साहेब पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. टक. टक. टक. भिंगरीला वाटलं, कुणीतरी ते पेन खिडकीतून फेकून द्यावं.

तेवढ्यात मावशीने लेयर्सच्या यादीत कुठेतरी क्लिक केलं आणि चित्राच्या उजव्या टोकाचा मजकूर गडप झाला. गोळ्या कधी घ्यायच्या, किती घ्यायच्या, सगळं! जाड काळ्या अक्षरांतला मजकूर असा डोळ्यांदेखत नाहीसा झाला, आणि मावशी? मावशी पट्ट्याला लाल रंग देत शांतपणे बसलेली. तिला दिसलंच नव्हतं.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चहा देताना कप नेहमी डाव्या हाताशी ठेवायला सांगणारी मावशी. उजवीकडून हाक मारली की दचकणारी मावशी. आणि ते करडं ओसाड रान! तो पसारा नव्हताच. जिथे दिसत नाही तिथे मावशी काहीच ठेवत नव्हती.

"झालं," मावशी म्हणाली. "पाठवू खाली?"

मालक साहेबांशी कागदाच्या जाडीबद्दल बोलत होते. दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. बोललं तर मावशीचं बिंग फुटणार. नाही बोललं तर हजारो खोकी अशी जातील, की ज्यांवर औषध कसं घ्यायचं तेच नाही. भिंगरीने बोलण्याआधी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच!

"थांब!" ती ओरडलीच. "मावशी, डोसचा मजकूर गेलाय!"

पेनाची टकटक थांबली.

"माझी चूक आहे," भिंगरी धडाधड बोलत सुटली. "काका, मी तिची सगळी मांडणी मोडली. तिने हात लावू नको सांगितलेलं, मी लावला. तुमच्या स्वयंपाकघरात कुणी सगळे डबे बदलले, तर तुम्हाला मीठ सापडेल का?"

"मला डबे जागेवर असतानाही सापडत नाही," साहेब पुटपुटले.

मालक हसले नाहीत. "किती वेळ लागेल पुन्हा लावायला?"

मावशीने मेनू उघडून पाहिला. "मी ती कधी सेव्हच केली नव्हती. रोज उघडलं की जशीच्या तशी असायची, म्हणून..." तिचा आवाज खोल गेला. "कुठे काय होतं, ते सांगता नाही येणार मला."

"दहा मिनिटं," मालक म्हणाले. "त्यानंतर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो."

सांगता येत नाही. पण हात तर मघाशी आपोआप डावीकडे गेला होता! भिंगरीने स्टूल ओढलं.

"मावशी, डोळे मिट."

"वेड लागलंय का तुला?"

"मिट ना! आता रंग घे."

मावशीने डोळे मिटले. माउस सरकला आणि डावीकडे वर थांबला. भिंगरीने टेबलावरच्या स्केचपेनाने स्क्रीनच्या काचेवर तिथे ठिपका दिला.

"काच पुसून द्यायची नंतर," मावशी डोळे मिटूनच म्हणाली.

"देईन. लेयर्स?"

हात खाली आला. ठिपका. अक्षरांचं पॅनल? त्याच्याखाली बोटभर. हात एकदाही अडखळला नाही. मग भिंगरीने माउस घेतला आणि एकेक पॅनल ओढून ठिपक्यांवर बसवलं. चित्र आक्रसून मध्ये आणलं. उजवीकडे पुन्हा करडं रान पसरलं.

नवव्या मिनिटाला मजकूर परत आला, पट्टा लाल झाला, इशारा ठसठशीत झाला. साहेबांनी मान डोलावली.

मालकांनी नाही डोलावली. ते स्क्रीनकडे पाहत होते. "बाई, सगळं डावीकडेच का?"

भिंगरीने तोंड उघडलं. मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला उजवीकडचं दिसत नाही, मालक. वर्ष होत आलं. मागच्या महिन्याची ओळ त्यामुळेच गेली. आधी सांगायला हवं होतं. भीती वाटली."

खाली मशीन धडधडत होतं. मालकांनी स्क्रीनवरच्या त्या करड्या जागेवर बोट टेकवलं.

"उद्या कामावर यायचं नाही," ते म्हणाले, आणि भिंगरी स्टूलवरून उठलीच. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. परवा यायचं. डॉक्टर काय म्हणतात त्यावर पुढचं ठरवू, मी आज शब्द देणार नाही. पण यापुढे दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय तुमची एकही फाइल खाली जाणार नाही. अठरा वर्षं इथे आहात, आणि वर्षभरात मला एकदा सांगता आलं नाही तुम्हाला?" आवाजात राग होता, पण नोकरी न जाता नुसत्या रागावर भागलं होतं.

मावशीने डोळे पुसले आणि मेनू उघडला. या वेळी तिने मांडणी सेव्ह केली. नावाच्या चौकोनात टाइप केलं: 'भिंगरी, हात लावलास तर याद राख.'

"आणि आज कोण वाचणार?" साहेबांनी विचारलं.

मावशीने दुरुस्त केलेल्या नमुन्याची नवी प्रत छापून भिंगरीच्या हातात दिली. "उजवी कड. मोठ्याने. एकही अक्षर गिळायचं नाही."

भिंगरीने प्रत उजेडात धरली, घसा खाकरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली, "एक गोळी, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर..."